४.५६चा हट्ट कशासाठी?

पवई, साकीनाका, कुर्ला या पट्ट्यात जुन्या अमेरिकी व्ही-एट गाडीचा विषय निघाला की दोन सल्ले न मागता मिळतात. क्लच मिळेल तेवढा कडक घ्या, हा पहिला. मागच्या एक्सलचं क्राउन-पिनियन ४.१० गुणोत्तराचं, आणि जमलं तर ४.५६चंच बसवा, मग बघा पिकअप, हा दुसरा. सल्ला देणारे अनाडी नसतात. त्यातल्या अनेकांनी जीप, टेम्पो, ट्रक यांचे एक्सल उघडून पुन्हा जोडलेले असतात, आणि त्या गाड्यांपुरतं त्यांचं म्हणणं बरोबरही असतं. म्हणून या मताची टिंगल करून भागणार नाही, ते आकड्यांनीच खोडावं लागेल. माझं म्हणणं असं: १९६४ ते १९७२ या काळातली मसल कार मुंबईच्या उपनगरात ठेवायची आणि रस्त्यावर चालवायची असेल, तर मागचं गुणोत्तर ३.०० ते ३.५५च्या दरम्यान असावं, गिअरबॉक्सचा पहिला गिअर चांगला खोल असावा आणि क्लच साध्या लायनिंगचा, डायफ्रॅम स्प्रिंगचा असावा. कडक क्लच आणि ४.५६ ही जोडी इथे शोभेचीसुद्धा नाही, ती गाडीला अपायकारक आहे. (ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी क्लचबद्दलचा भाग सोडून दिला तरी चालेल. एक्सलबद्दलचा मात्र त्यांनाही लागू आहे.)

आधी हिशेबाची एक सोपी चावी. त्या काळच्या १४ इंची रिमवरच्या टायरचा रस्त्यावरचा एक फेरा साधारण दोन मीटरचा धरता येतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे मिनिटाला दोन हजार मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला बरोबर एक हजार फेरे. या गाड्यांच्या चार-गिअरी बॉक्समध्ये चौथा गिअर थेट, एकास एक. त्यामुळे ताशी १२०ला इंजिनाचे फेरे म्हणजे क्राउन-पिनियनचा आकडा गुणिले हजार. ३.२३ असेल तर ३,२३०. ४.५६ असेल तर ४,५६०. याच्यावर पाचवा गिअर नाही, ओव्हरड्राइव्ह नाही. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२०ची मर्यादा आहे आणि रस्ता ७०१ किलोमीटरचा. मुंबईकडून नागपूरपर्यंत चौथ्या गिअरमध्ये जायचं, तर ४.५६वालं इंजिन ३.२३वाल्यापेक्षा साडेचार लाखांहून जास्त फेरे जादा मारील. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, सगळे त्या प्रमाणात जास्त राबणार, आणि त्याच्या बदल्यात प्रवास एका मिनिटानेही कमी होणार नाही.

‘पण कंपनीनेच तर ४.१० दिलं होतं’, असं यावर लगेच सांगितलं जातं. दिलं होतं, पण कोणाला आणि कशासाठी, हे पाहायला हवं. उदाहरणाला १९६८ची प्लायमाउथ रोड रनर घेऊ. प्लायमाउथ हे नाव कुर्ल्याला परकं नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या, फियाटचं युग त्यानंतरचं. तर ही रोड रनर म्हणजे मसल कारचा अर्कच: आतली चैन काढून टाकलेली, ३८३ घनइंचांचं म्हणजे सुमारे ६.३ लिटरचं व्ही-एट, ३३५ अश्वशक्ती, चार-गिअरी बॉक्स. तिच्या मागे कंपनीने मुळात बसवलेलं गुणोत्तर होतं ३.२३. क्रायस्लरच्या यादीत ४.१०चा संच होता, पण तो वेगळा मागवायचा, मजबूत डेना एक्सलसकट आणि ‘सुपर ट्रॅक पॅक’ या नावाने. फोर्डने तर ३.९१ आणि ४.३०च्या संचाला ‘ड्रॅग पॅक’ असंच नाव दिलं होतं. हे संच पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठी आहेत हे कंपन्यांनी लपवलं नव्हतं. पाव मैल संपला की गाडी थांबते, परत ओळीत येते. तिथे ताशी १२०ला तासन् तास ४,५६० फेऱ्यांवर बसून राहण्याचा प्रश्न येत नाही. रोड रनरचं इंजिन आपली कमाल शक्ती ५,२०० फेऱ्यांना देतं. ४.५६ लावलेली गाडी हमरस्त्यावर त्या टोकाच्या जवळच राबत राहील.

मग आपल्याकडे या आकड्यांची ओढ आली कुठून? माझ्या मते ती जीपमधून आली. महिंद्रने १९४९मध्ये मुंबईत माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे सीजे-३बी ही जीप इथल्या दोन पिढ्यांच्या मेकॅनिकांची शाळा झाली. तिच्या एक्सलचं गुणोत्तर ५.३८. ज्याने आयुष्यभर ५.३८ पाहिलं, त्याला ३.२३ लंगडं वाटणार, ४.५६ मध्यममार्गी वाटणार, यात नवल नाही. पण जीपला ५.३८ का लागलं ते बघा. तिचं २.२ लिटरचं चार सिलिंडरांचं इंजिन जेमतेम १५५ न्यूटन मीटर टॉर्क देतं. पहिला गिअर २.८ धरला तर एकूण गुणाकार सुमारे १५, आणि मागच्या चाकांशी पोचतात २,३०० न्यूटन मीटरच्या आसपास. रोड रनरच्या इंजिनाचा छापील टॉर्क ५७६ न्यूटन मीटर. तिचा पहिला गिअर २.६६, मागे ३.२३, गुणाकार ८.५९, आणि चाकांशी ४,९०० न्यूटन मीटरच्या वर. गाडीचं वजन जीपच्या दीडपटीहून थोडं जास्त, चाकाशी जोर दुपटीहून जास्त. जीपला जे एक्सलकडून उसनं घ्यावं लागलं ते इथे इंजिनातच आहे. दुबळ्या इंजिनाचं औषध धट्ट्याकट्ट्या इंजिनाला पाजायचं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बरं, जास्तीचा जोर मिळाला तर बिघडलं कुठे, असा प्रश्न राहतोच. तो जोर रस्त्यापर्यंत पोचतच नाही, हे बिघडलं. अशा गाडीचं नाक जड. दोन माणसं बसली तर १,७०० किलोपैकी मागच्या चाकांवर ७५०-७७५ किलो येतात. ओल्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या निम्म्याच्या आसपास धरली तर मागची चाकं सुमारे १,२०० न्यूटन मीटर टॉर्क पेलतील, त्यापुढे ती जागच्या जागी फिरतील. छापील टॉर्क हा गाळणी, पंखा, सायलेन्सर यांचा भार न लावता मोजलेला असायचा. १९७२च्या मॉडेलांपासून अमेरिकी कंपन्या भार लावून मोजलेले निव्वळ आकडे देऊ लागल्या आणि कागदावरच्या शक्त्या एकदम खाली आल्या. म्हणून छापील आकड्यातून एक तृतीयांश सरळ वजा करू. तरीही ३.२३वर, पहिल्या गिअरमध्ये, चाकांशी ३,२००हून जास्त न्यूटन मीटर उरतात. म्हणजे पावसातल्या रस्त्याला झेपेल त्याच्या अडीचपट तरी. कोरड्या रस्त्यावरही एवढं सगळं झेपत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात मेट्रो ६च्या कामाने पत्रे ठोकलेला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, खड्डे, खडी, सांडलेलं डिझेल. अशा ठिकाणी ४.५६ घेऊन जादा मिळतो तो फक्त टायरचा धूर.

आता विरोधी बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा. तो बहुतेकदा नीट मांडला जात नाही, म्हणून मीच मांडतो. गाडी उभ्यावरून निघते तेव्हा क्लच घसरत घसरत पकड घेतो, आणि त्या घसरण्यात उष्णता तयार होते. इंजिनाचे फेरे तेच ठेवले तर ही उष्णता एकूण गुणाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. ३.२३च्या जागी ४.५६ आलं तर दर सुरुवातीला क्लचमध्ये पडणारी उष्णता जवळजवळ निम्मी होईल. आयआयटीच्या मेन गेटपासून गांधीनगर जंक्शनपर्यंत संध्याकाळी जी रांग लागते तिच्यात ही बचत मोठी नाही का? कागदावर मोठी दिसते. पण निम्मी म्हणजे कशाच्या निम्मी, ते मोजू. हजार फेऱ्यांवर क्लच सोडला तर ३.२३वर दर सुरुवातीला साधारण १३ किलोज्यूल उष्णता निघते, ४.५६वर साडेसहा. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून वीसेक किलो लोखंड असतं. १३ किलोज्यूल उष्णतेने त्याचं तापमान दीड अंशही वाढत नाही. रांगेत हाफ क्लचवर ताशी चार किलोमीटरने सपाट रस्त्यावर सरकतानाही क्लचमध्ये अर्धा किलोवॉटच्या आसपास उष्णता तयार होते, घरातल्या इस्त्रीहून कमीच. क्लच जळतो तो चढावर ब्रेक न लावता गाडी क्लचवर तोलून धरल्यामुळे, किंवा पेडलवर पाय विसावून ठेवल्यामुळे. त्या सवयीवर कोणतंही क्राउन-पिनियन उपाय नाही.

पुढचा दावा असा, की आखूड, म्हणजे मोठ्या आकड्याचं, गुणोत्तर असलं तर रांगेत क्लच पूर्ण सोडून गाडी सावकाश चालवता येते. इंजिन ७५० फेऱ्यांवर निवांत असताना, पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण क्लच सोडून गाडी किती वेगाने जाते? ३.२३वर ताशी साडेदहा किलोमीटर. ४.१०वर सव्वाआठ. ४.५६वर सात-साडेसात. आपल्याकडची रांग सरकते ती चालत्या माणसाच्या वेगाने, कधी त्याहूनही हळू. म्हणजे तिन्ही बाबतींत क्लच दाबावाच लागणार. त्यातून इंजिनात शर्यतीचा कॅमशाफ्ट घातला आणि निवांत फेरे ७५०वरून १,०००वर गेले, तर ४.५६चा सगळा फायदा तिथेच संपतो: वेग पुन्हा ताशी दहाच्या घरात. रांगेतला त्रास कमी करायचा तर कॅमशाफ्ट सौम्य ठेवा. एक्सल उघडण्यापेक्षा तो उपाय जास्त गुणाचा आहे.

तरीही कोणाला सुरुवात आणखी मऊ हवी असेल, तर ती जागा पहिल्या गिअरची आहे. पहिला गिअर निघण्यापुरताच कामाला येतो. क्राउन-पिनियन मात्र चारही गिअरांच्या मागे कायम उभं असतं, त्याची किंमत प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते. या वादाचा कणा हाच आहे आणि फोर्डच्या चार-गिअरी टॉपलोडर बॉक्सवरून तो स्वच्छ दिसतो. हा बॉक्स दोन प्रकारांत मिळायचा: पहिला गिअर २.७८चा किंवा २.३२चा. २.३२च्या मागे ३.८९ लावलं तर गुणाकार ९.०२. २.७८च्या मागे ३.२५ लावलं तर ९.०३. उभ्यावरून निघताना दोन्ही गाड्यांत बसलेल्याला फरक कळणार नाही. पण चौथ्या गिअरमध्ये ताशी १००ला पहिली गाडी ३,२४०च्या आसपास फेरे घेईल आणि दुसरी २,७१०. तीच उचल, वर पाचशेहून जास्त फेऱ्यांची शांतता. जनरल मोटर्सच्या मन्सी बॉक्सचंही तसंच: एम-२०चा पहिला २.५२, एम-२१चा २.२०. शर्यतीच्या कीर्तीमुळे एम-२१ आणि एम-२२ यांच्यावर लोक भाळतात, मग २.२०ने गाडी उचलत नाही म्हणून मागे ४.१० लावतात. एका हौसेची भरपाई दुसऱ्या हौसेने करायची, असा हा प्रकार. गाडी विकत घेताना बॉक्सचा नंबर वाचून बघा. एक्सलचा निर्णय तिथूनच सुरू होतो.

आता क्लच. तो किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: लायनिंगची घर्षणक्षमता, प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. ती एका प्लेटला दोन. ११ इंची प्लेट, साधं लायनिंग (घर्षणांक ०.३), दाब १०,००० न्यूटन, त्रिज्या १११ मिलिमीटर धरली तर उत्तर येतं सुमारे ६६५ न्यूटन मीटर. रोड रनरच्या फुगवलेल्या छापील ५७६हूनही हे १५ टक्क्यांनी जास्त आहे, आणि खऱ्या टॉर्कच्या तुलनेत तर शिल्लक भरपूर. मग सिरॅमिकच्या ठोकळ्यांची प्लेट आणि दुप्पट दाबाची प्रेशर प्लेट कशासाठी? ‘असू दे, जास्त ताकद असलेली बरी, विमा म्हणून’, असं उत्तर मिळतं. हा विमा मात्र उलटा चालतो. साधी प्लेट वेळ आली तर जराशी घसरते आणि धक्का स्वतःवर घेते. सिरॅमिक घसरायला तयार नसते. ती एकदम धरते, आणि तो धक्का युनिव्हर्सल जॉइंट, पिनियन, एक्सल शाफ्ट यांच्यातल्या सर्वांत कच्च्या जागी जाऊन बसतो. रांगेत इंचाइंचाने सरकताना तीच प्लेट थरथरते आणि फ्लायव्हीलवर चरे पाडते. प्रेशर प्लेटचा वाढीव दाब दर वेळी पेडलमधून रिलीज बेअरिंगवर आणि तिथून क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. सिग्नलला पेडल दाबून थांबण्याची सवय असेल तर इंजिनाच्या पोटातलं हे बेअरिंग गुपचूप झिजत राहतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या लिंकेजचे दांडे वाकतात ते वेगळंच.

प्रेशर प्लेटच्या जातीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ‘ओरिजिनल’च्या नावाखाली इथे गोंधळ होतो. क्रायस्लरने बोर्ग अँड बेक पद्धतीची, गुंडाळी स्प्रिंगांची प्लेट वापरली. फोर्डने लाँग पद्धतीची, जिच्या बोटांवरची वजनं फेऱ्यांबरोबर दाब वाढवत नेतात. जनरल मोटर्स डायफ्रॅमकडे आधीच वळली होती. गुंडाळी स्प्रिंग जितकी दाबाल तितकी जड होते, आणि प्लेट झिजत गेली की तिचा दाब कमी होत जातो. डायफ्रॅम अर्ध्या वाटेवर हलका पडतो आणि मध्यम झिजेत दाब टिकवून ठेवतो. फार वरच्या फेऱ्यांत पेडल तळाला चिकटल्यासारखं होणं ही डायफ्रॅमची जुनी तक्रार, आणि ती खरी आहे. पण त्या फेऱ्यांत गिअर बदलण्याची जागा पवई ते पुणे या वाटेवर मला तरी माहीत नाही. मूळ जातीचाच आग्रह असेल तर खुशाल बोर्ग अँड बेक ठेवा, फक्त दाब कंपनीइतकाच असू द्या. शिवाय साध्या लायनिंगची प्लेट झिजली तर मुंबईत नवं लायनिंग रिबेट मारून चढवून मिळतं. सिरॅमिक प्लेटचं पार्सल समुद्रापलीकडून येईपर्यंत गाडी ताडपत्रीखाली.

घाटाचा मुद्दा राहिला. बोरघाट चढायला आखूड गुणोत्तर लागतं, हे वाक्य ट्रकवाल्याच्या तोंडी शोभतं. दहा टक्के चढ धरा, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर. १,७०० किलोची गाडी एका वेगाने वर न्यायला, टायरची ओढ धरून, सुमारे १,९०० न्यूटन रेटा लागतो. ३.२३वर, थेट चौथ्या गिअरमध्ये, त्यासाठी इंजिनाकडून २०० न्यूटन मीटरच्या आसपास मागणी होईल. एक तृतीयांश कापून उरलेल्या टॉर्कच्याही हे निम्मंच आहे. तिसरा टाकला तर इंजिनाला चढ जाणवणारही नाही. उतरताना इंजिनाचा ब्रेक हवा तर दुसरा-तिसरा गिअर आहेच.

क्राउन-पिनियन बदलणं हे काम स्वतःच किती जोखमीचं आहे, याचाही हिशेब कोणी करत नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने बनवतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक क्राउन इथून आणि एक पिनियन तिथून मिळालं तरी जोडी जुळत नाही. शिम लावून पिनियनची खोली, मग दात्यांमधली फट, मग रंग लावून दाते कुठे टेकतात ते तपासणं, हे सगळं मनाजोगं साधेपर्यंत पुन्हा पुन्हा करावं लागतं. चुकलं तर एक्सल रडायला लागतो. जनरल मोटर्सच्या १२-बोल्ट एक्सलमध्ये तर ३.३१वरून ४.१०वर जाताना डिफरन्शियलचा केसच बदलावा लागतो, किंवा जाड क्राउन शोधावा लागतो. फोर्डच्या ९-इंचीत संपूर्ण गोळा पुढून निघतो, म्हणून तिथे काम सोपं. त्यातही ४.५६ म्हणजे ४१ आणि ९ दाते. पिनियन जितकं कमी दात्यांचं, तितकं ते बारीक आणि प्रत्येक दात्यावर भार जास्त. ३.२३च्या जोडीत ४२ आणि १३ दाते असतात. कडक क्लचचा धक्का यातलं कोणतं पिनियन मुकाट्याने सोसेल, ते उघड आहे. आणि गुणोत्तर बदलल्यावर स्पीडोमीटरचं छोटं गिअर बदलायला विसरलं की काटा खोटं बोलू लागतो, ते आणखी एक.

एका ठिकाणी मी माघार घेतो. मूळ बॉक्स काढून ०.६८च्या पाचव्या गिअरचा आधुनिक बॉक्स घालणार असाल, तर मागे ३.७३ खुशाल लावा. पाचव्यात ते २.५४सारखं वागेल आणि समृद्धीवर इंजिन गुणगुणत राहील. पण मग मूळ बॉक्स कोपऱ्यात, प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड केलेला आणि गाडीच्या तळातल्या बोगद्याला कदाचित छिन्नी लागलेली. ती वेगळी गाडी झाली, आणि तीही ४.५६ मागत नाही.

‘ही गाडी रोज थोडीच चालवायची आहे?’ हा शेवटचा बचाव. खरंच रोज चालवायची नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, आणि तशा नोंदणीवर गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच. १९६४ ते १९७२ची सगळी मसल पिढी आता या वयात बसते. पण याच नियमामुळे शर्यतीच्या गिअरचं उरलंसुरलं कारणही जातं. रॅलीत गाडी संथ चालीने, ओळीत, इतरांच्या मागे जाते. रॅलीपर्यंत पोचायलाही पवईच्या माणसाला लिंक रोडवरूनच जावं लागतं, आणि तिथे सिग्नलला थांबलेल्या गाडीत डाव्या पायाखाली दुप्पट दाबाचं पेडल असेल तर मालक पुढच्या रॅलीला गाडी न्यायचीच टाळतो.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी एवढं करा. बॉक्सवरचा नंबर वाचून पहिल्या गिअरचा आकडा काढा. मागचं झाकण उघडून, किंवा ९-इंची असेल तर गोळा उतरवून, दाते मोजा. दोन्हींचा गुणाकार साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान येत असेल आणि मागचा आकडा ३.५५च्या वर नसेल तर एक्सलला हात लावू नका. तो पैसा ब्रेक, रेडिएटर आणि मागच्या एक्सलच्या सिलांवर खर्च करा, आणि क्लच कंपनीच्या मापाचा, साध्या लायनिंगचाच घ्या.